पॉवर्ड बुकशेल्फ स्पीकर कसे निवडावेत, कुठे ठेवावेत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्या स्पीकरच्या पेटीतच अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला असतो, तो पॉवर्ड स्पीकर. फोन, टीव्ही किंवा संगणक थेट जोडला की गाणे सुरू. खालच्या उत्तरांत एक आग्रह पुन्हापुन्हा दिसेल : स्पीकर कुठे ठेवणार आणि तुम्ही कुठे बसणार हे आधी ठरवा, मॉडेल त्यानंतर. उत्तम स्पीकरसुद्धा चुकीच्या जागी ठेवला की बोदा किंवा कर्कश वाजतो, आणि तो दोष मग आपण बिचाऱ्या स्पीकरच्या माथी मारतो.

पॉवर्ड आणि अ‍ॅक्टिव्ह हे एकच का?

बोलताना दोन्ही शब्द सरसकट वापरले जातात, पण आतली रचना वेगळी असते. साध्या पॉवर्ड जोडीत एकाच पेटीत दोन्ही बाजूंचा अ‍ॅम्प असतो. तिथून एक वायर दुसऱ्या पेटीकडे जाते. वूफर (खालचे स्वर वाजवणारा मोठा पडदा) आणि ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा) यांच्यात आवाजाची वाटणी करणारा क्रॉसओव्हर अ‍ॅम्पच्या पुढे, म्हणजे अ‍ॅम्प आणि वूफर-ट्वीटर यांच्या मधे असतो. अ‍ॅक्टिव्ह स्पीकरमध्ये ही वाटणी अ‍ॅम्पच्या आधीच होते आणि वूफरला वेगळा, ट्वीटरला वेगळा अ‍ॅम्प मिळतो. त्यामुळे वाटणी अधिक काटेकोर करता येते.

नुसत्या रचनेवरून आवाजाचा दर्जा ठरत नाही. चांगला जमवलेला साधा पॉवर्ड स्पीकर ढिसाळ अ‍ॅक्टिव्ह स्पीकरपेक्षा नक्कीच सरस वाजतो. रोजच्या वापरात मात्र एक फरक जाणवतो : साध्या पॉवर्ड जोडीला विजेचा एकच पॉइंट पुरतो, दोन्ही पेट्या अ‍ॅक्टिव्ह असतील तर दोन लागतात.

सुरुवात कुठून करावी?

मोजपट्टी घेऊन. तीन मापे कागदावर लिहा : बसायच्या जागेपासून स्पीकरपर्यंतचे अंतर, दोन स्पीकरमध्ये मिळणारे अंतर, आणि स्पीकरच्या मागे मिळणारी मोकळी जागा. शिवाय विजेचा पॉइंट कोणत्या बाजूला आहे तेही पाहा. ज्या पेटीत अ‍ॅम्प आहे ती, म्हणजे मुख्य स्पीकर, बहुतेक मॉडेलमध्ये डावी की उजवी हे ठरलेले असते आणि सोबतची जोडवायर कधीकधी फार आखूड असते. काही जोड्यांना साधी स्पीकर वायर चालते, ती हवी तेवढी लांब घेता येते. काहींना कंपनीची खास पिनची वायर लागते. घरी आणल्यावर वायर पोचत नाही म्हणून दोन्ही स्पीकर शेजारीशेजारी ठेवावे लागले, तर स्टिरिओचा सगळा आनंद तिथेच संपतो.

वूफर किती इंची घ्यावा?

टेबलावर, हातभर अंतरावरून ऐकणार असाल तर ३ ते ४ इंच. दीड-दोन मीटरवरून ऐकणार असाल तर ५ ते ५.५ इंच. मोठ्या खोलीत अडीच-तीन मीटर लांब बसणार असाल तर ६.५ इंच.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. तितक्याच जोराचा स्वर एक सप्तक खाली वाजवायचा असेल तर वूफरला चौपट हवा हलवावी लागते. ४ इंचांवरून ६.५ इंचांवर गेल्यावर पडद्याचे क्षेत्रफळ अडीचपटीहून जास्त होते, म्हणून मोठा वूफर तेच काम सहज करतो. छोट्या वूफरकडून मोठ्या आवाजात खोल बास मागितला की आधी आवाज दबतो, मग फाटतो. उलट, छोट्या खोलीत भिंतीला लागून मोठा वूफर ठेवला तर सगळे घुमायला लागते. मोठा म्हणजे चांगला, असे समीकरण करू नका.

वॅटचे आकडे कितपत महत्त्वाचे?

फारसे नाहीत. २० वॅटचे ४० वॅट केले तर आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे जाणवेल इतकाच. कानाला साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी दहापट वॅट. घरात निवांत ऐकताना सरासरी एक-दोन वॅटच खर्च होतात. उरलेली ताकद तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळीसाठी राखीव असते.

‘पीक’ किंवा ‘पीएमपीओ’ असे लिहिलेला आकडा बाजूला ठेवा, ‘आरएमएस’ किंवा सलग ताकद लिहिलेला बघा. त्याहून उपयोगी माहिती म्हणजे एक मीटरवर स्पीकर कमाल किती डेसिबल देतो, तीही किती विकृतीसह. ती दिलेली असेल तर वॅट विसरून गेलात तरी चालेल.

‘५० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ’ याचा अर्थ काय?

स्पीकर किती खालच्या स्वरापासून किती वरच्या स्वरापर्यंत वाजतो, त्याचा हा पल्ला (हर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने). पण पुढे ‘± ३ डेसिबल’ असे काही लिहिले नसेल तर त्याला जवळजवळ काहीच अर्थ नाही. ५० हर्ट्‌झला आवाज ३ डेसिबलने उतरला आहे की १० डेसिबलने, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अंदाजासाठी सांगतो : बास गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्‌झवर, पियानोची सर्वांत खालची पट्टी २७.५ हर्ट्‌झवर. ६० हर्ट्‌झपर्यंत प्रामाणिकपणे जाणारा स्पीकर बहुतेक संगीत समाधानाने ऐकवतो.

कोणता स्वर किती जोरात वाजतो हे दाखवणारे स्पीकरचे आलेख मिळाले तर ते जरूर पाहा. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात आणि पुढे हार्मन कंपनीत टूल व शॉन ऑलिव्ह यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून श्रोत्यांच्या चाचण्या घेतल्या. नाव आणि रूप दिसत नसताना बहुसंख्य लोक एकाच तऱ्हेचा स्पीकर पसंत करतात असे त्यांना आढळले : समोरून सपाट आणि बाजूंनाही सुरळीत उतरत जाणारा आवाज. स्पीकर मोजण्याच्या आजच्या सीटीए-२०३४ या मानकात स्पीकरभोवती ७० कोनांतून मापे घेतात, ती याच विचारातून. बाजूचा आवाज इतका महत्त्वाचा का? कारण घरात तुमच्या कानावर थेट आवाजाइतकाच भिंतींवरून आलेला आवाजही पडतो. बाजूची रेषा एकदम खड्ड्यात जाणारा स्पीकर समोरून कितीही सपाट असला, तरी खोलीत बिथरतो.

ऐकून निवडताना काय काळजी घ्यावी?

दोन्ही स्पीकरचा आवाज आधी सारखा करा. एखाद्या डेसिबलने मोठा असलेला स्पीकर ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. ही आपल्या कानांची सवय आहे आणि ती कुणालाही फसवते. फोनवरचे डेसिबल मोजणारे अ‍ॅप अचूक नसले तरी दोन स्पीकरची तुलना करायला पुरते.

खूप परिचयाची दोन-तीनच ध्वनिमुद्रणे घ्या. त्यांतले एक साधा मानवी आवाज असलेले असू द्या, कारण माणसाचा गळा कसा वाजतो हे आपण जन्मापासून ऐकत आलो आहोत. आवाज नाकातून येतोय का, छातीत अडकलाय का, ‘स’ टोचतोय का, हे चटकन कळते. तबल्यात डग्ग्याची मींड स्वर म्हणून ऐकू येते की नुसता धप्पा, तेही पाहा. पहिल्या मिनिटात झगमगीत वाटलेला स्पीकर तासाभराने थकवतो, असे पुष्कळदा होते. परत करण्याची सोय असेल तर खरी परीक्षा घरीच घ्या.

कोणत्या जोडण्या असायला हव्यात?

तुमच्याकडे जी साधने आहेत त्यांच्या. टीव्हीसाठी एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर देणारी एचडीएमआय जोडणी) सर्वांत सोयीचे, कारण टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. ऑप्टिकल जोडणीचा आवाज तितकाच चांगला असतो, पण बहुतेकदा स्पीकरचा वेगळा रिमोट हातात धरावा लागतो. दोन्ही बाबतींत टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ध्वनी ‘पीसीएम’वर, म्हणजे साध्या, न दाबलेल्या रूपावर ठेवा. बरेच पॉवर्ड स्पीकर फक्त पीसीएम ओळखतात. डॉल्बीचा प्रवाह आला की ते गप्प बसतात, आणि लोक केबल बदलत बसतात.

संगणकासाठी यूएसबी उत्तम. आरसीए किंवा ३.५ मिलिमीटरची जागा निदान एक तरी असावी. पुढे कोणते साधन येईल सांगता येत नाही.

ब्लूटूथने आवाजाचा दर्जा उतरतो का?

थोडा उतरतो, पण लोक घाबरतात तेवढा नाही. सीडीचा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिटचा असतो. ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवतात; त्याच्या मूलभूत एसबीसी पद्धतीत तो प्रवाह जास्तीत जास्त सव्वातीनशेच्या आसपास येतो, एलडीएसी या दुसऱ्या पद्धतीत ९९० पर्यंत जातो. कोणती पद्धत वापरली जाईल हे फोन आणि स्पीकर दोघांवर अवलंबून असते. आयफोन एएसी ही पद्धत वापरतो. त्याला एपीटीएक्स किंवा एलडीएसी या पद्धती येत नाहीत. म्हणून खोक्यावर छापलेल्या नावापेक्षा तुमचा फोन काय पाठवतो ते बघा.

सहज ऐकायला ब्लूटूथ पुरेसे आहे. लक्षपूर्वक ऐकण्यासाठी वायर किंवा वाय-फाय बरे. सिनेमा, खेळ किंवा वाद्याचा सराव यांसाठी मात्र ब्लूटूथ टाळाच. सेकंदाच्या दशांशाहून जास्त उशीर लागतो आणि ओठ व शब्द जुळत नाहीत.

टर्नटेबल थेट जोडता येईल का?

स्पीकरवर ‘फोनो’ असे लिहिलेले इनपुट असेल, किंवा टर्नटेबलमध्येच प्रीअ‍ॅम्प असेल तर येईल. सामान्य मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुई जिथे बसते त्या भागातून) जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात, आणि तबकडीवर बास मुद्दाम कमी करून कोरलेला असतो. तो परत भरून काढण्याचे काम फोनो प्रीअ‍ॅम्प करतो. दोन्हीकडे प्रीअ‍ॅम्प असेल तर एकच चालू ठेवा.

टर्नटेबल आणि स्पीकर एकाच फळीवर ठेवू नका. फळीतून कंपने सुईपर्यंत पोचतात, पुन्हा वाजतात, आणि बास चढत जाऊन गुरगुर सुरू होते.

दोन स्पीकरमध्ये किती अंतर असावे?

दोन स्पीकर आणि तुमचे डोके यांचा समभुज त्रिकोण, ही सुरुवात. तुम्ही २ मीटरवर बसत असाल तर स्पीकरही एकमेकांपासून २ मीटर. टेबलावर हेच माप ८० सेंटीमीटर ते १ मीटरवर येते. मग गायकाचा आवाज ऐकत थोडे फेरफार करा. आवाज दोन्हींच्या बरोबर मधे, हवेत, ठळक बसायला हवा. तो मधे विरळ वाटला तर स्पीकर फार लांब आहेत. सगळेच मधे गोळा होत असेल तर फार जवळ.

मधला आवाज कुठेच सापडत नसेल आणि बासही पातळ वाटत असेल, तर जागा हलवण्याआधी दुसऱ्या स्पीकरची वायर तपासा. लाल टोक काळ्याला लागले असेल.

भिंतीपासून किती लांब ठेवावेत?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचेच उत्तर सर्वांत अर्धवट दिले जाते. ‘भिंतीपासून लांब ओढा’ एवढे सांगून भागत नाही.

खालचे स्वर स्पीकरमधून सगळीकडे पसरतात, मागेही जातात. मागच्या भिंतीवर आपटून ते परत येतात आणि समोर जाणाऱ्या आवाजात मिसळतात. ज्या स्वराच्या तरंगलांबीचा चौथा हिस्सा वूफर ते भिंत या अंतराएवढा असतो, तो स्वर परत येईपर्यंत नेमका उलटा झालेला असतो आणि मूळ आवाजाला खातो. हिशेब सोपा आहे : ३४३ ला (ध्वनीचा वेग, सेकंदाला मीटर) अंतराच्या चौपटीने भागा. अंतर मीटरमध्ये, स्पीकरच्या पुढच्या तोंडापासून मोजलेले. ३० सेंटीमीटरवर खड्डा २८६ हर्ट्‌झला पडतो, ६० सेंटीमीटरवर १४३ ला, एक मीटरवर ८६ ला.

म्हणजे ६० सेंटीमीटर ते १ मीटर ओढल्यावर खड्डा थेट बासच्या गाभ्यात येतो, जिथे ढोलाचा ठोका आणि पुरुषी आवाजाचा भार असतो. स्पीकर भिंतीच्या अगदी जवळ नेला तर खड्डा वर सरकतो. त्या वरच्या स्वरांत स्पीकर मागे कमी आवाज फेकतो, त्यामुळे खड्डा उथळ होतो. म्हणून माझे मत असे : छोट्या-मध्यम खोलीत स्पीकर भिंतीजवळच ठेवा, आणि भिंतीमुळे वाढलेला बास स्पीकरच्या बटणाने किंवा इक्वलायझरने (वेगवेगळे स्वर कमी-जास्त करण्याच्या सोयीने) कमी करा. ही वाढ एका भिंतीमुळे ६ डेसिबलपर्यंत होऊ शकते, कोपऱ्यात त्याहून जास्त. वाढलेला बास उतरवणे सोपे आहे, खड्डा भरणे जवळजवळ अशक्य. त्यामुळे बास कमी करण्याची सोय असलेला स्पीकर निवडणे हा भिंतीजवळ ठेवणाऱ्यांसाठी खरा निकष आहे.

खोली खरोखर मोठी असेल, तर दीड-दोन मीटर पुढे आणलेले स्पीकर आवाजात जी सखोलता आणि पल्ला दाखवतात त्याला तोड नाही. तिथे मिळणारे सुख वेगळेच. पण तेवढी जागा किती घरांत मिळते?

मागच्या बाजूला पोर्ट, म्हणजे हवेचे भोक असेल तर ५ ते १० सेंटीमीटर मोकळे सोडा. काही स्पीकरसोबत फोमचे बूच येते. ते लावल्यावर बास आवरतो.

पुस्तकांच्या कपाटात खरेच ठेवता येतात का?

येतात, फक्त दोन पथ्ये पाळा. स्पीकरचे तोंड फळीच्या कडेच्या बरोबरीने किंवा किंचित पुढे आणा. आत ढकललेला स्पीकर फळीच्या आणि शेजारच्या पुस्तकांच्या कडांवर आवाज आपटतो. आजूबाजूची मोकळी जागा पुस्तकांनी भरून टाका, म्हणजे कप्पा पेटीसारखा घुमणार नाही. मागच्या पोर्टचा स्पीकर बंद कप्प्यात टाळा. अ‍ॅम्पची उष्णता बाहेर जायला वाट हवी, तेवढी ठेवा.

टेबलावर ठेवल्यावर आवाज जाडसर का वाटतो?

टेबलाच्या पृष्ठभागावरून आवाज उसळून कानावर येतो आणि थेट आवाजात गडबड करतो, शिवाय टेबल स्वतः कंप पावते. छोट्या स्टँडवर २०-२५ सेंटीमीटर उचला, किंवा निदान तिरक्या फोमवर ठेवून तोंड कानाकडे वळवा. शक्य तितके टेबलाच्या पुढच्या कडेला आणा. एवढ्यानेच शब्द स्वच्छ होतात.

उंची किती हवी? आडवे ठेवले तर चालतील का?

बसलेले असताना कान जिथे येतो तिथे ट्वीटर, म्हणजे खुर्चीवर साधारण ९० सेंटीमीटर ते १.१ मीटर. उंच ठेवावेच लागले तर खाली झुकवा.

आडवे ठेवू नका. वूफर आणि ट्वीटर शेजारीशेजारी आले की डोके थोडे डावी-उजवीकडे हलवताच मधल्या पट्टीतले स्वर येतात-जातात. ट्वीटर वूफरच्या मध्यभागी बसवलेला असेल तर मात्र खुशाल आडवे ठेवा.

स्पीकर आत वळवावेत का?

करून बघा, दोन मिनिटांचे काम आहे. सरळ समोर ठेवले की पसारा मोठा पण मधला आवाज सैल. थेट कानाकडे वळवले की मध्य घट्ट, तार स्वर जास्त. मी शक्यतो दोघांच्या रेषा डोक्याच्या थोड्या मागे एकमेकींना छेदतील असे ठेवतो. आवाज टोचत असेल तर वळण कमी करा.

एका कोपऱ्यात बास घुमतो आणि माझ्या खुर्चीवर गायब, असे का?

खोलीच्या मापांना जुळणारे काही स्वर भिंतींमध्ये अडकून उभे राहतात. ४ मीटर लांबीत पहिला असा स्वर सुमारे ४३ हर्ट्‌झचा, ३ मीटरमध्ये ५७ चा. भिंतीजवळ तो सर्वांत जोरात असतो, खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. म्हणून खोलीच्या अगदी मधे बसू नका आणि डोके मागच्या भिंतीला टेकवूनही बसू नका. खुर्ची अर्धा मीटर पुढे-मागे केल्याने जो फरक पडतो, तो स्पीकर बदलूनही पडत नाही. हे एकदा स्वतः करून ऐका, पटेल.

फोम लावावा का?

पातळ फोम फक्त वरचे स्वर गिळतो. १०० हर्ट्‌झच्या तरंगलांबीचा चौथा हिस्साच ८६ सेंटीमीटर आहे, तिथे ५ सेंटीमीटरच्या फोमचे काय चालणार? भिंतभर फोम लावलेल्या खोलीत आवाज मेल्यासारखा होतो आणि बास तसाच घुमत राहतो. त्यापेक्षा जमिनीवर जाड गालिचा, खिडकीला जड पडदे आणि भिंतीशी भरलेले पुस्तकांचे कपाट कितीतरी जास्त काम करतात. तुम्ही जागेवर बसा आणि कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. ज्या जागी आरशात स्पीकर दिसतो, तिथे काहीतरी मऊ किंवा ओबडधोबड हवे.

इक्वलायझर किंवा खोलीनुसार सुधारणा करणाऱ्या सोयी उपयोगी पडतात का?

२००-३०० हर्ट्‌झच्या खाली फार. मोजमापाचा मायक्रोफोन आणि ‘रूम ईक्यू विझार्ड’सारखे मोफत सॉफ्टवेअर घेतले की उंचवटे स्पष्ट दिसतात. ते खाली आणा. खड्डे मात्र ताकद लावून भरायला जाऊ नका. जितके घालाल तितके तिथेच नाहीसे होईल आणि वूफर उगाच ताणला जाईल.

सबवूफर लागेल का?

सबवूफर म्हणजे फक्त सर्वांत खालचे स्वर वाजवणारी वेगळी पेटी. आधी जागा नीट लावा, आठवडाभर ऐका, मग विचार करा. घेतलाच तर साधारण ८० हर्ट्‌झवर वाटणी ठेवा. स्पीकरच्या ‘सब आउट’मधून जोडल्यावर मुख्य स्पीकरचा खालचा भाग कापला जातो का, हे माहितीपत्रकात तपासा. कापला जात असेल तर छोटे वूफर मोकळे होतात आणि गळाही स्वच्छ होतो. सबची जागा शोधायची युक्ती : तो तुमच्या बसण्याच्या जागी ठेवा, बासचे गाणे लावा, आणि खोलीत जमिनीलगत वाकून फिरा. जिथे बास एकसारखा ऐकू येईल, तिथे सब ठेवा.

स्पीकरमधून सतत घूंऽ किंवा सूंऽ असा आवाज येतो. काय करावे?

घूंऽ येत असेल तर इनपुटची केबल काढून बघा. थांबला, तर दोन साधनांच्या अर्थिंगमध्ये फेरा झाला आहे. दोन्ही साधने विजेच्या एकाच पट्टीवर लावा, लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा, किंवा ऑप्टिकल जोडणी वापरा. तिच्यात वीज वाहतच नाही. अर्थिंगची पिन काढण्याचा उपाय कुणी सुचवला तरी कधीही करू नका, ती जिवाच्या रक्षणासाठी आहे.

सूंऽ हा बहुधा अ‍ॅम्पचा स्वतःचा आवाज. तो आवाजाच्या बटणाने कमी-जास्त होत नसेल तर तो तसाच राहणार. दोन मीटरवर विरून जातो, टेबलावर रात्री छळतो. टेबलासाठी घेताना काहीही न वाजवता कान जवळ नेऊन ऐकणे म्हणूनच आवश्यक.

किती आवाजात ऐकणे सुरक्षित?

जागतिक आरोग्य संघटनेचा संदर्भ-आकडा प्रौढांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा करा. हळू आवाजात बास नाहीसा झाल्यासारखा वाटतो, तो आपल्या कानांचा गुणधर्म आहे. अशा वेळी ‘लाउडनेस’ची, म्हणजे हळू आवाजात बास वाढवण्याची सोय असेल तर बिनधास्त वापरा.

नवे स्पीकर ‘मुरायला’ शंभर तास लागतात का?

वूफरच्या कडा सुरुवातीला किंचित सैल होतात, पण तो फरक अगदी लहान. मुरतात ते बहुतेक आपले कान. पसंत न पडलेला स्पीकर मुरेल या आशेवर परत करण्याची मुदत घालवू नका.

रात्रंदिवस चालू ठेवले तर चालतील का?

चालतील, आजचे क्लास डी अ‍ॅम्प रिकामे असताना थोडीच वीज घेतात. आपोआप झोपी जाण्याची सोय असेल तर ती हळू आवाजात मधेच गाणे तोडत नाही ना, एवढे पाहा. तोडत असेल तर सेटिंगमध्ये ती बंद करता येते का ते शोधा. नाहीतर गाणे वाजवणाऱ्या साधनाचा आवाज वाढवा आणि स्पीकरचा कमी करा, इनपुटला पुरेसा जोर मिळाला की तो जागा राहतो.